पारेवाली बाई

बीजगुणन केंद्राच्या मागं, हरभऱ्याच्या बांधाला लागून
चार पायांवर उभी आहे एक पांढरी पेटी,
झडपाझडपांची.
कोंबड्यांचं खुराडं समजून
मुंगूस दोनदा हुंगून गेलं.
सकाळी सातला मी तिची कडी काढते.
आज कडी बोटांना डसली.

पाच पूर्णांक दोन.
पेन उमटेना. काखेत धरून ऊब दिली
तेव्हा कुठं पाच आला, पोटात वाकडा.

फाट्यावर पऱ्हाटीची शेकोटी,
शेकोटीशी गफ्फारचाचा, रुई पिंजणारे.
"काय वो पारेवाली बाई, किती हाय?"
"पाच."
"पाच! आन् ते टीव्हीवाले म्हंतेत दुनिया तापून रायली.
कुठी तापली बाप्पा? आन न थोडीशी इकडं,
गुडघ्याले लावतो."
लहानू मसराम हसता हसता धुरानं ठसकला.
मीही हसले.
दात वाजत होते माझे,
आणि वाजत्या दातांनी
सरासरी सांगता येत नाही.

कपाटात सदतीस वह्या आहेत.
पहिल्या वीस कवडूजी नागोशांच्या अक्षरातल्या.
आकड्यांशेजारी ते बारीक लिहून ठेवत:
दहिवर. हंड्यावर पापुद्रा. तूर करपली.
आज बैल उठला नाही.
पुढच्या सतरा माझ्या. माझे समास कोरे.
एका हिवाळ्यात दहाच्या खाली गेलेल्या रात्री
त्यांच्याकडं एक्केचाळीस,
माझ्याकडं मागल्या साली नऊ.
ही नऊ मी तीनदा मोजली,
दर वेळी वाटलं, एखादी राहून गेली असेल.

चाचांचीही वही आहे, लाल कापडाची.
दुकानात रुईच्या धुरळ्यात बसून त्यांनी ती उघडली,
मला गप्प करायला.
"हे पाह्य. या साली दोनशे दहा रजया.
सासऱ्यानं जावयाले, जावयानं सासऱ्याले.
तात तुटे, पन हात थांबे नाही."
पानं उलटत गेली.
दीडशे. नव्वद. चौसष्ट.
यंदा एकोणीस, त्यातली एक मशिदीसाठी, फुकट.
मी काही बोलले नाही.
तेच म्हणाले, "थंडीचा काय गुन्हा यात?
ते मखमली ब्लँकेट आलं न बाजारात,
तीनशे रुपयाले, वाघाचं चित्र असलेलं.
वाघ पांघरून झोपतेत लोक."

हेही खरंच.
माझ्या तक्त्यात वाघाचा रकाना नाही.

मे महिन्यात हीच कडी मी पदरानं धरते.
तेव्हा फाट्यावर कोणी नसतं.
चाचा लिंबाखाली ओलं पंचं डोक्यावर घेऊन पडलेले,
आणि सत्तेचाळीसचा आकडा घेऊन मी समोरून जाते
तेव्हा ते एक डोळा उघडून एवढंच म्हणतात,
"उन्हाळा हाय, तपनच."
कुठं गेली थंडी, असं
उन्हात कोणी विचारत नाही.

परवा संध्याकाळी विचारलं त्यांनी, "उद्या किती राहीन?"
म्हटलं, "मी उद्याचं सांगत नाही, चाचा.
झालेलं तेवढं लिहिते."
"मंग तू बी माह्यावानीच," ते म्हणाले,
"गिऱ्हाईक गेल्यावर हिशोब."

आज अजून उजाडायचं होतं.
हरभऱ्यावर आंब धरलेली, चपला भिजलेल्या,
आणि पेटीपाशी चाचा आधीच उभे,
कानाला मफलर, हातात बॅटरी.
"दाखव एक डाव. पाह्यतो तरी काय लपवून ठेवतेस त्यात."
मी कडी काढली.
ते वाकले, नाक काचेला टेकेल इतके,
"चार हाय का हे? चारच हाय न!"
आवाजात विजय, आणि तोंडातून वाफ.

"श्वास रोखा चाचा," मी म्हटलं.
रात्रीची खूण जिथल्या तिथं होती,
चारावर, कोणीही पाहावी अशी.
शेजारच्या नळीतला पारा मात्र
त्यांच्या वाफेनं हलला,
एक रेघ वर गेला.

त्यांनी तो पाहिला.
तोंडावर मफलर ओढून
थोडा वेळ तसेच उभे राहिले.