दर तिसऱ्या फ्रेमला

म्हार्दोळच्या हॉलात सप्तपदी चालू होती
आणि फ्लॅश पेटेना.
म्हणजे पेटायचा. दोनदा पेटायचा,
तिसऱ्यांदा कॅमेरा नुसताच खट् करायचा
आणि नवरी चौथ्या पावलावर
काळोखात जायची.

पपा डावीकडे, हात उंच, हातात फ्लॅश,
आमच्या दोघांत लोंबणारी वेटोळ्यांची वायर,
जुन्या टेलिफोनला असायची तसली.
"कितें जालें गो?" त्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं.
मी म्हटलं, वायर.
भटजी कोणासाठी थांबत नाहीत.

रात्री सांखळीला, स्टुडिओचं शटर अर्धं ओढून
टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.
पितळी ठिपके वायरच्या या टोकाला,
तेवढेच त्या टोकाला.
आमच्याकडची हवाच अशी, चतुर्थीपर्यंत
पितळेला हिरवं फुटतं.
भाचीच्या कंपासमधला खोडरबर घेतला,
एकेक ठिपका घासला,
मग स्पिरिट, मग कापूस.
मीटरची एक पिन इथे, एक तिथे:
पीं.
वायर वाकवली. पीं.
तिची मान पिरगाळली, ताणली, सोडली. पीं.
एकदा तरी गप्प हो, म्हटलं मी तिला.
पीं.

म्हापशाचा मिनीन, रेडिओवाला,
ज्याच्याकडे हल्ली फक्त रिमोट येतात,
म्हणायचा, दोष शोधायचा तर
आधी निर्दोष काय ते बाजूला काढ.
काढलं. दुसरा कॅमेरा लावला, नवे सेल घातले,
दुसरा फ्लॅश, परत पहिला.
दीड वाजला. वाळवंटीच्या पलीकडे कुत्री भुंकत होती.
शंभर वेळा पेटवला मी तो,
भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर
शंभर वेळा पांढरं पडलं.
एकदाही चुकला नाही.

मग नाइलाजाने चुकलेल्या फ्रेम्स उघडल्या.
काळ्याकुट्ट.
कॉम्प्युटरवर उजेड ओढून ओढून वर आणला
तशी दाणेदार होत नवरी वर आली,
तिची नथ, कडेच्या तांदळाच्या राशी,
मामाच्या कानशिलावर थांबलेला घाम,
सगळं जागच्या जागी, रेखीव.
आणि डाव्या कडेला, फ्रेमने अर्धा कापलेला
पपांचा हात.
सगळ्या चित्रात तो एकटाच
पुसट.

दुसरी काळी फ्रेम. हात पुसट.
पुढची. तीही.
सेकंदाच्या साठाव्या भागात
माणूस हलून हलून किती हलणार?
याच हाताने त्यांनी तीन केसांच्या ब्रशने
अख्ख्या डिचोली तालुक्याच्या निगेटिव्हवरचे डाग भरले होते.

सकाळी ते चहा घेत बसले होते.
कप अर्धाच भरलेला.
कधीपासून अर्धा, ते मला आठवेना.

"सापडलं?"
"सापडलं. फ्लॅशचा पाय खाचेत सैल बसतो."
हे खोटं नव्हतं. केसभर सैल होताच तो,
टेबलावर चालून जावं इतपत.
कालच्याच लग्नपत्रिकेचा कोपरा कापला,
दुमडून खाचेत सारला,
वरची चकती घट्ट आवळली.
आणि वायरकडे बघत म्हटलं,
"शिवाय जरा खाली धरा. खांद्याला टेकवून.
हल्ली उजेड बाजूने घेतात."

चाळीस वर्षं सावल्या पाडलेला माणूस.
त्यांनी फ्लॅश खांद्याला टेकवून बघितला,
मला स्टुलावर बसायला सांगून
माझ्या तोंडाकडे बघितलं.
"नाकाची सावली गालावर पडतली."
"पडू दे."

बाहेर पाववाल्याचा भोंगा वाजला, पुढे गेला.
मग त्यांनी वायर मनगटाला दोन वेढे गुंडाळली
आणि म्हणाले,
"बरें. पेटय."