शनवार तेली

जवसाच्या तेलात हिरवा घोटताना
हात आपोआप गोल फिरतो.
नवगावच्या घाण्याला पणजोबांचा बैल
असाच फिरायचा, शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत.
शनिवारी बैलसुद्धा रवंथ करत बसे.

गॅलरीत विचारतात,
नवगावकर म्हणजे अलिबागकडचे ना?
मग नाव सिपोरा कसं?
मी हसते.
हसण्याचाही एक रंग असतो, पातळ,
खालचं सगळं दिसू देणारा.

उमरखाडीत, तिसऱ्या मजल्यावर
आमच्या चौकटीला एक तिरकी डबी होती.
येता-जाता बोटं टेकवून ओठांना लावायची.
चौथीत असताना कुंदा म्हणाली, हे काय गं?
म्हटलं, बेल आहे. बिघडलीय.

त्या संध्याकाळी घरात शिरताना
हात वर गेलाच नाही.
आईनं पाहिलं.
मलिद्याचे पोहे कालवत राहिली,
खोबरं जरा जास्तच पडलं तिच्या हातून.

मग समोरचे दिघोडकर गेले अश्दोदला,
मग मामा, त्याची पेटी, त्याचा खोकला,
शेवटी आम्हीही निघालो, फक्त ठाण्याला.
चौकटीवर उरला बोटभर तिरका डाग.
भोवतीचा रंग उडालेला,
डबीखालचा तेवढा हिरवागार.

सतरा कॅनव्हास झाले.
तो हिरवा येत नाही.

काल गेले होते बघायला.
चौकट आता अॅल्युमिनियमची.
दारातली बाई म्हणाली, काय शोधताय?
बेल, मी म्हटलं.
तिनं बटण दाखवलं.
मी दाबलं.
वाजली.
आतून एक पोर धावत आलं
दार उघडायला, उघड्या दाराशी.