उकळलेलं

राकाया नदीच्या अलीकडे, गावच्या हॉलमध्ये
शनिवारी पाणी तपासून देतात, फुकट.
लोक आपापल्या बोअरचं पाणी घेऊन येतात
मुरंब्याच्या बरणीत, व्हिनेगरच्या बाटलीत.
मी सुईण. माझ्याकडे नावं लिहिणं,
चिकटपट्ट्या लावणं.
यंत्र चालवायला ख्राइस्टचर्चहून एक पोरगा येतो.

खिडकीत ओळीनं ठेवल्या की
प्रत्येक बरणीत डावीकडचे डोंगर उजवीकडे दिसतात.
बाकी काही दिसत नाही.
अ‍ॅलिस्टर मकेव म्हणाला, "चाळीस वर्षं पितोय,
चहाला असं पाणी नाही कुठे."
नसेलही.

लिगाया सगळ्यात शेवटी आली.
सातवा महिना. आठशे गायी पिळून,
गमबूट दाराशी काढून, नुसत्या मोज्यांवर.
दोन बाटल्या. एक कोरी.
दुसरीवर पेनानं: उकळलेलं.
"तुम्हीच सांगितलं होतंत," ती हसली,
"वीस मिनिटं रोज. रोडेल गॅसवरून कुरकुरतो."

सांगितलं होतं.
सव्वीस वर्षं, प्रत्येक उंबऱ्यात,
नाळ कापण्याइतक्या सवयीनं.

मर्यादा अकरा पॉइंट तीन.
कोरी बाटली: बारा पॉइंट एक.
उकळलेली:
पंधरा पॉइंट आठ.

पोरग्यानं परत तपासलं. तेच.
मग यंत्राकडेच बघत म्हणाला,
उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरायला जिवंत कुठंय?
वाफ निघून जाते, ते तळाशी राहतं.
दूध आटवतो ना, तसं.

एकदाच पाहिलंय मी तसं बाळ, शिकाऊ असताना.
छाती वरखाली होत होती, हवा आत जात होती,
रक्त ती उचलायलाच तयार नव्हतं.
ओठांभोवती पाटीचा रंग.
सुईत आलं ते तपकिरी, कोकोसारखं.
ते वाचलं. त्याची आई बाहेर
बाटली गरम पाण्यात धरून उभी होती.

"हे पाणी कधीचं?" लिगायानं विचारलं.
गोट्यांतून झिरपत यायला वर्षं लागतात,
कुणी दहा म्हणतं, कुणी वीस.
तिनं बोटांवर मोजलं.
"म्हणजे मी इलोइलोत शाळेत होते."
आणि अ‍ॅलिस्टरनंही मोजलं असणार,
कारण तो उठता उठता परत बसला.
मेंढ्या विकल्या ते साल,
पहिल्या दोनशे गायी,
युरियाचा पहिला ट्रक, तो लांबलचक फवारा
रात्रभर फिरणारा.
त्या गायी केव्हाच गेल्या. त्यांच्या नातींचं दूध
ही काढते, पहाटे चारला.
त्यानं टोपी डोक्यावर घातली, काढली,
म्हणाला, "टँकर मागवतो."
मग, कुणीही विचारलेलं नसताना,
"तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं."
त्याची बरणी तपासायची राहिलीच होती.
खिडकीतच राहिली.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या.
बाळांची वजनं, तारखा, आयांचे नंबर.
पहिला लागला नाही.
दुसरा कुणी उचलला नाही.
मध्येच किटली वाजली; मीच लावली असणार.
तिसऱ्यावर मी म्हणाले, मी बोलतेय, सुईण,
ते पाणी उकळायचं सांगितलं होतं ना मी
बाळाच्या दुधासाठी,
तर ते
पलीकडे ट्रॅक्टर चालू होता.
ती ओरडून म्हणाली,
"बाळ? कोणतं बाळ?
तो सोळा वर्षांचा झाला. का?"