भरती-ओहोटीचं कोष्टक

पहाटे पाचला गठ्ठा पडतो टपरीच्या दाराशी.
सुतळी कापायची, अंक झटकायचे
आणि कपड्यांच्या चिमट्यांनी तारेवर टांगायचे,
पहिलं पान बाहेर.
वाल्पाराइसोत अशीच विकतात वर्तमानपत्रं,
धुण्यासारखी वाळत घालून;
फक्त हे धुणं कायम दुसऱ्याच्या घरचं.

सगळ्यांत जास्त खपतो ‘ला सिरेना’.
आमच्या भाषेत सिरेना म्हणजे जलपरी,
आणि सिरेना म्हणजे भोंगाही.
एकोणीस वर्षं विकतेय,
यातली कुठली, ते मालकाला अजून विचारलेलं नाही.

त्या फेब्रुवारीत वरची टेकडी जळाली.
नऊ घरं, एक खुराडं, ओबदुलियाचं शिवणयंत्र.
दुसऱ्या दिवशी तारेवर एवारिस्तो होता.
आमचा एवारिस्तो,
टेकडीवर माणसं ओढून नेणाऱ्या लाकडी डब्याचा चालक.
फोटो कुणाच्या तरी लग्नातला,
शेजारची नवरी कापून टाकलेली,
डोळे फ्लॅशने लाल,
आणि वर विटेएवढ्या अक्षरांत: आग्या राक्षस.
शेवटी एक प्रश्नचिन्ह.
इतकं बारीक, की टांगताना
माझा चिमटा नेमका त्याच्यावर बसला.

साडेनऊला सगळे अंक संपले.
मी फोन करून आणखी साठ मागवले.
हे सांगायलाच हवं. साठ.
त्या पैशांचे बूट घेतले, निळे,
अजून टिकलेत.

माणसं तिथंच उभी राहून वाचत होती,
छापलेलं वाचून झाल्यावर
न छापलेलंही वाचत होती.
पाववाल्याला आठवलं, तो नेहमी काडेपेटी मागायचा.
शाळेच्या बाईंना त्याचं हसणं आठवलं.
बातमीत तिखटमीठ कमी पडलंच
तर आमच्याकडे घरटी एक बरणी असते.

पुढे चौकशी झाली.
विजेची तार होती. जुनी, कंपनीची.
अकरा आठवड्यांनी खुलासा आला:
पान चौदा, चार ओळी,
मृत्युलेख आणि भरती-ओहोटीचं कोष्टक
यांच्या मधल्या फटीत.
नावाचं शेवटचं अक्षर चुकलेलं,
त्यामुळे निर्दोष ठरली
ती एवारिस्ता नावाची कुणी बाई.

त्या दिवशी मी सगळे अंक उलटे टांगले,
चौदावं पान बाहेर.
गिऱ्हाइकं आली, माना वाकड्या केल्या,
पान उलटून आतला घटस्फोट शोधला
आणि घेऊन गेली.
दुपारी समुद्रावरून धुकं चढलं,
उरलेले अंक ओलसर होऊन लोंबले.

“आजकाल कुणाचंच खरं नसतं हो,”
शाळेच्या बाई म्हणाल्या, सुटे पैसे मोजत.
अंक बगलेत.
खोटारडे मेले, म्हणत
रोज न चुकता विकत घेणारी कितीतरी पाहिली मी.
विश्वास उडाला की सवय आणखी घट्ट होते का,
मला नाही सांगता येणार. मी टपरीवाली.

एवारिस्तो अजून येतो.
डब्याची नोकरी गेली; एकदा चिकटलेलं नाव
साबणाने थोडंच निघतं.
आता खालच्या खडकांवर शिंपले काढतो.
सहाला येतो, गर्दीच्या आधी,
आणि घेतो ‘ला सिरेना’च.
बाकीची पानं मला परत देतो, मासळीवाल्यांसाठी;
चौदावं तेवढं घडी करून खिशात.

न राहवून एकदा विचारलं,
यांच्यावर तू कसा विश्वास ठेवतोस?
“यांच्यावर कुठे?” त्याने कोष्टकावर बोट ठेवलं.
“इथे खोटं छापलं
तर समुद्र त्याच दिवशी पकडतो.”

आज ओहोटी सहा चाळीसची होती.
तो पायऱ्या उतरून गेल्यावर मी खाली पाहिलं.
पाणी मागे सरत होतं, छापल्याबरहुकूम.
काळे खडक एकेक करून वर येत होते,
आणि त्यांच्यात वाकलेली एक पाठ.

माझ्या मागे तारेवर कुणाचा तरी चेहरा होता.
सकाळी मी तो न वाचताच टांगला होता.
वाचला असता, तरी टांगलाच असता.