उखर्डूचं उपरणं

हळदीचं मला भय नाही.
साबण लागला की ती लालभडक होते,
नवी नवरी रडकुंडीला येते.
मी म्हणते, दोरीवर टाक गं,
सावद्याचं ऊन दोन दिवसांत खाऊन टाकील.
पानाच्या पिचकारीला दही. शाईला निरसं दूध.
पैठणीवर तुपाचा थेंब पडला
तर खडूची भुकटी, आणि रात्रभर दम धरायचा.
भरीत-पार्टीहून आलेल्या धोतरांना उकळतं पाणी आणि सोडा.
रक्ताला फक्त गार पाणी,
आणि ते कुणाचं, कुठून आलं, विचारायचं नाही.
सासरे डाग आधी हुंगायचे, मग बघायचे.

पण केळीचा चीक.
लागतो तेव्हा पाण्यासारखा, दिसतही नाही.
घरी पोचेस्तोवर चहा होतो, सकाळी काथ,
आणि मग कापड जाईल, तो नाही.
आमच्याकडे सदरा पाहून सांगता येतं
कोण बागेत राबतो
आणि कुणाची नुसती बाग आहे.

उखर्डू कोळी पिशवी छातीशी धरून आला.
बावीस वर्षं केळीचे घड वाहून
डावा खांदा खाली गेलेला.
पिशवीत त्याच्या लग्नातलं उपरणं,
बारीक सुताचं, पांढरं, बोटभर जर.
एकदा कापणीच्या घाईत गोणपाट सापडेना,
म्हणून हेच खांद्यावर टाकलेलं.
मधोमध डाग, तळहाताएवढा, शेपूट फुटलेला.
"पोरीचं लगन हाये पंधरा दिवसांनी.
नवं घेतो म्हनलं, तर म्हनते,
बाबा, नव्यात तुम्ही पाव्हन्यासारखे दिसान."

सगळं केलं.
रॉकेल, लिंबू-मीठ, चुन्याची निवळी,
शेवटी ती बरणी,
जिच्यावर सासऱ्यांनी कोळशाने फुली मारलीय.
डाग हलला नाही, सूत मात्र विरायला लागलं.
थांबले.

आठ दिवस उपरणं दोरीवर.
डाग आपला मधोमध,
सारवलेल्या अंगणात बसलेल्या कुत्र्यासारखा.
हाकललं तरी उठेना.

नवव्या दिवशी बादली घेऊन फिरक्यांच्या बागेत गेले.
घड उतरला की दांड्यातून टपटपतं, ते धरलं.
खोडाचे तुकडे कुटले, पिळले.
मुकादम म्हणाला,
"बाई, लोक याच्यापासून पळतात, अन् तू भरून नेते?"
घरी मोठं भगुणं चढवलं.
तो चीक, मूठभर बाभळीची साल, तुरटीचा खडा.
दाराला कडी लावली.
परटाच्या घरात डाग घालायचं काम.
भिंतीवर सासऱ्यांचा फोटो,
त्यावर हाताला लागला तो टॉवेल टाकला
आणि उपरणं आत सोडलं.

तीनदा बुडवलं, तीनदा वाळवलं.
बाजरीच्या करपल्या पापुद्र्याचा रंग आला, सगळीकडे सारखा.
जुना डाग बोटाने शोधावा लागे,
मलाही तिसऱ्या खेपेला सापडला नाही.

लग्नाला गेले.
वराकडचे चोपड्याचे. त्यातला एक मामा
उपरण्याचा पदर चिमटीत धरून विचारत होता,
"टसर आहे का हो? कुठून घेतलं?"
उखर्डू माझ्याकडे न बघता म्हणाला,
"घरचंच हाये. बागातलं."
आणि खाली गेलेला खांदा
त्याने जरासा वर उचलला. उचलता आला तेवढा.

रात्री वही उघडली.
आमच्या वहीत दोनच रकाने,
डाग गेला, डाग गेला नाही.
उखर्डूच्या नावापुढे पेन धरून बराच वेळ बसले.
शेवटी मजुरीच्या जागी लिहिलं,
एक फणी, पिकलेली, मिळाली.

मग आठवलं, फोटो अजून झाकलेलाच.
टॉवेल ओढला, सासरे पूर्वीसारखेच बघत होते.
टॉवेलवर तीन थेंब, काथासारखे.
आणि टॉवेल आमचा नव्हता,
द्वारकाबाई नेहेत्यांचा होता, धुवायला आलेला.