दगडफूल

सावद्याच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट मी लावतो.
पाच फळ्या, बोरोले सरांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या.
सगळ्यात खाली मोनेरा: वाटीभर कालचं दही.
मला काहीच दिसत नाही. सर म्हणतात, गर्दी आहे.

त्यावर डबक्याचं हिरवं पाणी,
त्यातला युग्लीना उजेडात पान होतो
आणि अंधारात जनावर.

केळीच्या सडक्या खांबावरची छत्री कवकांत.
जागेवरून हलत नाही, पण स्वतःचं रांधताही येत नाही,
आमच्या थोरल्या साडूसारखं.

वर केळफूल. त्याहून वर सरडा,
एप्रिलमध्ये बरणीतलं पाणी आटून
शेपटी उघडी पडलेला.

परवा जुलेखा तडवी पालहून आली,
ओढणीच्या गाठीत करडे, कुरळे पापुद्रे.
“नाना, हे कोन्त्या फळीवर?”

सरांनी भिंग धरलं. म्हणाले, हे एक नाही.
शैवाल रांधतं, बुरशी छप्पर धरते,
उघड्या खडकावर दोघांचं बिऱ्हाड.
मग चिठ्ठी कोणती, विचारेपर्यंत घंटा झाली.

दोन फळ्यांच्या मध्ये बरणी धरून
मी किती वेळ उभा होतो.

त्यातलं चिमूटभर घरी नेलं, खोटं कशाला बोलू.
बायकोनं बघितलं न बघितलं,
“मसाल्याच्या डब्यातलं हे,” म्हणाली
आणि खोबऱ्याबरोबर तव्यावर टाकलं.

बाकीचं अजून टेबलावरच आहे.
पोरं येता-जाता झाकण काढून हुंगतात.
बरणीवर मी लिहिलंय:
जुलेखा, पाल, मंगळवार.