सम संख्या

अठरा दिवस झाले होते मला वेल्गा स्ट्राउपे सापडून.
डेपोच्या कँटीनमध्ये, रद्दीच्या खोक्यात,
कव्हर फाटलेलं, आत कुणाचीतरी सुपाची पावती.
पहिल्याच पानावर एक बाई
भाडं कुणी भरायचं यावरून बदकाशी भांडते.
त्या दिवशी मी ट्राम चार मिनिटं उशिरा काढली.

लिएपायात ट्रामचा मार्ग एकच.
नऊ वर्षं मी तोच चालवतेय,
आणि ती राहायची कालव्याच्या थांब्यासमोर, दुसऱ्या मजल्यावर.
वाचनालयातली झेन्टा हे सहज बोलून गेली,
वारा सुटलाय म्हणावं तसं.
म्हणजे माझ्या घंटेनं तिची झोप मोडली असेल.
म्हणजे उतरताना कधीतरी
तिनं माझ्या पाठीचे आभार मानले असतील.

सुट्टीच्या दिवशी पाच ट्यूलिप घेतले.
काय बोलायचं ते पाठ केलं,
जिन्यात दोनदा विसरले.
दार पुतण्यानं उघडलं, काखेत गुंडाळलेला गालिचा.
"मंगळवारी," म्हणाला.

मंगळवारी मी एकशे बाराव्या पानावर होते.
मंगळवारी मी हसत होते, मोठ्यानं, एकटी.
ती गेली तेव्हा तिची बाई
माझ्या मांडीवर बटाटे सोलत बसली होती
आणि तिनं सुरी खाली ठेवली नाही.

आमच्याकडे जित्या माणसाला विषम फुलं देतात,
मेलेल्याला सम.
बाजारात परत गेले. फुलवालीनं
आधी माझं तोंड बघितलं, मग गुच्छ,
आणि काही न विचारता
एक फूल काढून माझ्या खिशात खोचलं.

दफनाला चाळीसेक माणसं.
कुणी तिच्या वर्गातलं,
कुणी भांडून तीस वर्षं न बोललेलं.
सगळ्यांचं दुःख जुनं, वापरून मऊ झालेलं.
माझं करकरीत,
नव्या बुटासारखं चावत होतं.
एका म्हाताऱ्यानं विचारलं, तुम्ही कोण?
मी म्हटलं, ट्राम.
त्यानं मान हलवली,
जणू या नात्याची माणसं येणार हे ठरलेलंच होतं.

पाचवं फूल दुधाच्या बाटलीत आहे.
तिची तीन पुस्तकं वाचायची उरलीत. आता तेवढीच.
ठरवलं, रोज एकच पान.
पुरतील दोन-अडीच वर्षं.
पहिल्याच रात्री त्रेसष्ट पानं संपली.

सकाळी कालव्यापाशी घंटा वाजवायची नाही असंही ठरवलं होतं.
पण रुळावर एक कुत्रं उभं होतं,
हलेचना.